उतारा उसाचा आणि नरक्याचा

साखर कारखानदारीच्या परिभाषेत 'उतारा' या शब्दाला जे वजन आहे, ते दुसऱ्या क्वचितच कोणत्या शब्दाला असेल. गाळलेल्या उसाच्या वजनाशी हाती आलेल्या साखरेचे जे शेकडा प्रमाण पडते त्याला उतारा म्हणतात. एका टनामागे १२० किलो साखर मिळाली तर तो १२ टक्के, आणि उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजेच एफआरपी, १०.२५ टक्के या पायाभूत उताऱ्याला बांधलेली असल्यामुळे दशांशचिन्हानंतरच्या आकड्यावरूनही ऊसकऱ्यांच्या सभा तापतात. कागल तालुक्यातील बिद्री हे कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील गाव असून दोन नद्यांची नावे एकत्र करून ज्याचे नाव झाले, तो दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना येथेच असल्यामुळे या गावाला उतारा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. मात्र येथून पश्चिमेकडे, राधानगरी-दाजीपूरच्या अंगाला सह्याद्रीचे जे रान लागते, त्यातील काही झाडांनाही हाच शब्द लागू पडतो. तेथे साखरेऐवजी औषधी द्रव्य मोजावे लागते आणि शेकडा बाराऐवजी हजारी तीनवर समाधान मानावे लागते. हा दुसरा उतारा वाढविण्यासाठी नॅनोतंत्रज्ञानाचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या विद्येचा, उपयोग करण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत जगभर होत आहेत. त्यांतील खरे किती आणि फुगविलेले किती, हे पारखण्यास ऊसकऱ्याचा हिशेबी स्वभाव चांगलाच उपयोगी पडतो.

वनस्पती जी द्रव्ये तयार करते त्यांचे शास्त्रज्ञ ढोबळमानाने दोन वर्ग करतात. साखर, पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ ही प्राथमिक द्रव्ये होत. ती झाडाची रोजची भाकरी असून त्यांच्यावाचून पेशी जगतच नाही. दुसऱ्या वर्गातील द्रव्यांना द्वितीयक चयापचयिते म्हणतात. चयापचय म्हणजे पेशीत अखंड चालणारी घडण आणि मोडणी, आणि चयापचयित म्हणजे त्या व्यवहारातून उतरलेले रसायन. हळदीतील कुरकुमिन, अश्वगंधेतील विथॅनोलाइडे, सिंकोना या झाडाच्या सालीतील क्विनीन ही सारी या दुसऱ्या वर्गातील होत. 'द्वितीयक' हे विशेषण थोडे दिशाभूल करणारे आहे, कारण पळून जाण्याची सोय नसलेल्या झाडाला कीड, बुरशी, गुरांची तोंडे, दुष्काळ आणि प्रखर ऊन यांच्याशी उभ्या जागी झुंजण्यासाठी हीच शस्त्रे असतात. शस्त्रे महाग पडतात, म्हणून शांततेच्या काळात झाड ती बेताचीच घडवते. आणि माणसाला नेमकी तीच हवी असतात, ही या विषयातील सारी अडचण आहे.

सह्याद्रीतील नरक्या हे या अडचणीचे सर्वांत ठळक उदाहरण ठरावे. या लहानखुऱ्या वृक्षाच्या फुलांना दुर्गंधी येते आणि 'मॅपिया फीटिडा' या त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्दही तीच सांगतो. काही भागांत मात्र यालाच 'अमृता' म्हणतात, त्यामुळे नरक आणि अमृत एकाच खोडावर नांदताना दिसतात. आज वनस्पतिशास्त्रात हे झाड 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' या नावाने ओळखले जाते. त्याच्या लाकडात, सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएचा पीळ उलगडावा लागतो, आणि हे काम टोपोआयसोमरेज-१ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, करते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला अर्ध्या कामात अडकवून ठेवते, त्यामुळे भराभर दुभंगणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात.

हे द्रव्य प्रथम सापडले ते नरक्यात नव्हे, तर एका चिनी वृक्षात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि यांतील वाणी हे १९२५ मध्ये नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होते. टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही याच जोडीने १९७१ मध्ये उलगडली. महाराष्ट्राशी या द्रव्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले, आणि चिनी झाडापेक्षा येथील झाडात त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. रुग्णांवरील पहिल्या चाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे सत्तरच्या दशकात थांबवाव्या लागल्या होत्या. परंतु ते द्रव्य शरीरात नेमके काय करते हे १९८५ मध्ये उमगल्यावर त्यात फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली आणि अमेरिकेत १९९६ मध्ये दोहोंना मान्यता मिळाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती अनुक्रमे वापरली जातात.

या शोधाची किंमत सह्याद्रीने मोजली. नरक्याच्या सुक्या लाकडात कॅम्प्टोथेसिन साधारणपणे ०.३ टक्के भरते असे धरले, तर एक किलो द्रव्यासाठी, वेचताना काहीच वाया जात नाही असे मानले तरी, सव्वातीनशे किलोंहून अधिक सुके लाकूड लागते. कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड गेली अनेक वर्षे वन विभागाची डोकेदुखी ठरली आहे. पोत्यांत भरलेले लाकडाचे तुकडे पकडल्याच्या बातम्या या भागातील वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. दोन-तीन मीटर वाढण्यास वर्षे घेणारे झाड कोयत्याच्या चार घावांत आडवे होते. म्हणूनच झाड न तोडता द्रव्य मिळविता येईल काय, असा प्रश्न पुढे आला.

त्याचे पहिले उत्तर ऊतिसंवर्धनाने दिले. ऊतिसंवर्धन म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा जंतुविरहित बाटलीत पोषक द्रवावर वाढविणे. ऊसकऱ्यांना व केळी-बागायतदारांना 'टिश्यूकल्चरची रोपे' या नावाने त्याची फळे परिचित असली, तरी रोप करणे हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक होय. बाटलीत नुसत्या पेशींचा अवयवहीन गोळा, ज्याला कॅलस म्हणतात, तोही वाढविता येतो आणि तत्त्वतः त्यातून औषधी द्रव्य काढता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने नरक्याच्या कॅलसवर केलेले काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या झाडाच्या पेशीसंवर्धनाचे प्रयोग झाले आहेत. अडचण अशी की बाटलीतल्या पेशींना ऐषआराम असतो. साखर आयती, उजेड ठरलेला, कीड नाही, बुरशी नाही. मग शस्त्रे घडवायची कोणासाठी? नरक्याच्या कॅलसमधील कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण झाडाच्या लाकडाच्या तुलनेत अगदी तुटपुंजे भरते ते बव्हंशी यामुळेच.

यावरचा उपाय कल्पनेच्या पातळीवर ऊसकऱ्याला नवा नाही. तोड येण्याआधी काही आठवडे उसाचे पाणी तोडले की वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साचते, हे बागायतदार जाणतो, आणि पक्वता लवकर यावी म्हणून इथेफॉनसारख्या रसायनांची फवारणी करण्याचे प्रयोगही ऊसशेतीत झाले आहेत. झाडाला बेताचा ताण दिला की त्याचा उतारा बदलतो, एवढेच सूत्र येथे आहे. बाटलीतल्या पेशींना पाणी तोडण्याची धमकी देता येत नाही, म्हणून त्यांना एखाद्या पदार्थाने डिवचावे लागते; असा डिवचणारा पदार्थ म्हणजे एलिसिटर. बुरशीच्या पेशीभित्तिकेचा अर्क, झाडात जखमेनंतर आपोआप निर्माण होणारे जॅस्मोनिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल हे जुने एलिसिटर होत. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यू वृक्षाच्या पेशींना मिथाइल जॅस्मोनेट दिल्यावर टॅक्सॉलचे उत्पादन लक्षणीय वाढले, आणि आज टॅक्सॉल मोठ्या टाक्यांतील पेशीसंवर्धनातून व्यापारी प्रमाणावर काढले जाते. वाणींनी उलगडलेल्या दोन द्रव्यांपैकी एकाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला, नरक्याच्या वाट्याचा मात्र राहिला. नॅनोकण हे एलिसिटरांच्या या घराण्यातील धाकटे अपत्य असून त्यांच्याविषयीचे कुतूहल आणि त्यांच्याविषयीच्या बढाया दोन्ही याच क्रमाने पाहिल्या म्हणजे आटोक्यात राहतात.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केस ढोबळमानाने ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि किमान एका दिशेने १ ते १०० नॅनोमीटर असलेल्या कणाला नॅनोकण म्हणण्याचा संकेत आहे. परंतु लहानपणापेक्षा महत्त्वाचे आहे ते लहानपणामुळे उघडे पडणारे पृष्ठ. बाजू एक सेंटिमीटर असलेला साखरेचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून पृष्ठ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांवर मावेल इतके भरते. तोच घन प्रत्येकी १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापता आला, तर वजनात कणभरही भर न पडता एकूण पृष्ठ दहा लाख पटींनी वाढून ६०० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. चहाच्या कपात पडणाऱ्या घनाचे सहा गुंठे रान होते ते असे. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे चांदी, जस्त, तांबे यांसारखे परिचित धातू या आकारात आले की त्यांचा स्वभाव पालटतो, आणि पेशीला लागणारी मात्राही पार उतरते.

असे कण तयार करण्याची सर्वांत सोपी रीत आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी वापरतात. तुळस, कडुनिंब किंवा एखाद्या रानवनस्पतीची पाने धुऊन, चिरून, ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायची, अर्क गाळून थंड करायचा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या विरल, पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणात तो थोडा थोडा घालायचा. काही मिनिटांत किंवा काही तासांत द्रावण पिवळसर होते, मग मधासारखे आणि शेवटी तपकिरी. पानांतील फिनॉलवर्गी द्रव्ये चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे धातूचे कण बनवितात आणि त्यांच्याभोवती लपेटून ते कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. रंग येतो तो चांदीच्या पृष्ठावरील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावे खाऊ लागल्यामुळे. वर्णपटमापकावर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान शोषणाचा उंचवटा दिसला की कण तयार झाले असे समजतात. याला 'हरित संश्लेषण' असे देखणे नाव आहे. अर्थात तपकिरी रंग म्हणजे संशोधन नव्हे. कणांचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे, दर खेपेला तोच आकार येतो हे दाखविणे आणि पानातील अर्काचा परिणाम कोणता व कणाचा कोणता हे वेगळे करणे, हे खरे काम त्यानंतर सुरू होते आणि पुष्कळ प्रबंध नेमके त्याआधीच थांबतात.

पेशीत पुढे काय घडते, याचे चित्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. वनस्पतिपेशीच्या भित्तिकेतील छिद्रे साधारणपणे ५ ते २० नॅनोमीटरची असल्यामुळे मोठे कण आत न शिरता बाहेरच अडतात. अनेकदा ते तेथेच झिजतात आणि त्यांतून सुटणारे आयन आत जातात. कण शिरो वा आयन, पेशीला ते घुसखोर वाटतात. पटलातील मार्ग उघडून कॅल्शियमचा लोंढा आत येतो, ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे रेणू, तयार होतात, आणि हा भडका निरोप्याचे काम करतो. त्यामागोमाग जॅस्मोनिक आम्लाचा इशारा पसरतो, जनुकांना जागे करणारी प्रथिने कामाला लागतात आणि अखेर शस्त्रागाराची दारे उघडून फिनॉले, अल्कलॉइडे, टर्पिनॉइडे यांची घडण वाढते. चांदीचा आयन याखेरीज झाडातील इथिलीन या वायुरूप संप्रेरकाची दाद लागू देत नाही, त्यामुळे चांदीचे परिणाम जस्ताच्या परिणामांहून निराळे पडतात. कायटोसानची, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या जैवबहुवारिकाची, गोष्ट तर अधिकच मौजेची आहे: बुरशीच्या भित्तिकेतील कायटिन आणि हे कवच यांचे रासायनिक गोत्र एकच असल्यामुळे झाडाला कायटोसानचा कण लागला की बुरशी चालून आल्याचा भास होतो. कोकणातील मासळी बाजाराच्या कचऱ्याने घाटावरच्या झाडाला घाबरविणे, असे त्याचे वर्णन करता येईल.

मलेरियावरील आर्टिमिसिनिन हे या प्रयत्नांतील गाजलेले उदाहरण आहे. या द्रव्याच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते ज्या आर्टिमिसिया अॅनुआ या वनस्पतीपासून मिळते तिच्या केसाळ मुळांना चांदी-सिलिकाचे नॅनोकण देऊन आर्टिमिसिनिन वाढल्याचे चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. केसाळ मुळे म्हणजे अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस या जीवाणूच्या संसर्गाने फुटणारी, संप्रेरक न घालताही बाटलीत झपाट्याने वाढणारी मुळे; कॅलसपेक्षा ती स्थिर असतात आणि मुळांतील द्रव्ये अधिक इमानाने घडवितात.

येथे उताऱ्याचा हिशेब पुन्हा आठवावा लागतो. समजा, एका बाटलीत नेहमीच्या वाढीने १० ग्रॅम सुका पेशीसंभार मिळतो आणि त्यात द्रव्याचे प्रमाण ०.१ टक्का, म्हणजे एकूण १० मिलिग्रॅम आहे. नॅनोकण दिल्यावर प्रमाण दुप्पट होऊन ०.२ टक्के झाले, परंतु ताणामुळे वाढ खुंटून पेशीसंभार ४ ग्रॅमच उरला, तर हाती आले ८ मिलिग्रॅम. अहवालात 'शंभर टक्के वाढ' असे खरेच लिहिता येईल आणि तरीही बाटलीतले औषध घटलेलेच असेल. उतारा चढला पण टनेज पडले, हा अनुभव ज्याने वजनकाट्यावर उभे राहून घेतला आहे त्याला यातील मेख समजावून सांगावी लागणार नाही. नॅनोकणांवरील लिखाणात मात्र 'इतक्या पट वाढ' हे शब्द ठळक अक्षरांत आणि पेशीसंभाराचा आकडा कोठेतरी तक्त्याच्या तळाशी, असे वारंवार आढळते. म्हणूनच जाणकार संशोधक आधी पेशी भरपूर वाढू देतात आणि वाढ पुरी होत आल्यावर शेवटच्या दोन-चार दिवसांतच कणांचा डोस देतात. पाणी शेवटी तोडायचे असते, लागणीच्या वेळी नव्हे.

मात्रेचा प्रश्न याहून नाजूक आहे. थोडा कण डिवचतो, जास्त कण मारतो, आणि या दोहोंतील फट कधीकधी फारच अरुंद असते. शिवाय ती झाडागणिक, कणागणिक, कणाच्या आकारागणिक बदलते. एका वनस्पतीवर साधलेली मात्रा दुसरीवर उचलून ठेवता येत नाही, त्यामुळे या क्षेत्रात सरसकट शिफारस करणाऱ्यांपासून सावध राहणेच इष्ट.

बाटलीतून शेतात उतरले की चित्र आणखी गढूळ होते. सर्वसामान्य शेतकऱ्याला नॅनो हा शब्द ठाऊक झाला तो इफ्कोच्या नॅनो युरियामुळे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली त्याला मान्यता दिली आणि अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्याची जागा घेईल, असा तिचा गाजावाजा झाला. पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम; पोत्यातील नत्र मात्र ४६ टक्क्यांच्या हिशेबाने २० किलोंहून अधिक. हजारपट कमी नत्रात तेवढेच पीक येण्यासाठी झाडाच्या शरीरक्रियेत जो चमत्कार घडावा लागेल, त्याचा पुरावाही तितकाच भक्कम हवा होता. पंजाब कृषी विद्यापीठातील दोन वर्षांच्या प्रक्षेत्र चाचण्यांत शिफारशीतील निम्मे नत्र कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर गव्हाचे उत्पादन २१ टक्क्यांहून अधिक व भाताचे १३ टक्के घटले आणि दाण्यांतील प्रथिनेही कमी झाली. इफ्कोने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. दाण्यांतील प्रथिनांचा हा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण उपकारक द्रव्य वाढविण्याच्या नावाखाली आलेले तंत्र ते घटवूही शकते.

याउलट पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झालेले जस्ताचे काम अधिक मोजक्या शब्दांत आणि अधिक पक्क्या पायावर मांडलेले आहे. कायटोसानच्या कणांत जस्त गुंफून ते फुलोऱ्यानंतर गव्हाच्या पानांवर फवारले असता दाण्यांतील जस्त एमएसीएस ३१२५ या बन्सी गव्हाच्या वाणात २७ टक्क्यांनी आणि दुसऱ्या एका वाणात ४२ टक्क्यांनी वाढल्याचे तेथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. गंमत अशी की हे कण २५० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे काटेकोर व्याख्येने नॅनो नव्हेतच. परंतु जस्त पानाला चिकटून राहावे आणि सावकाश सुटावे, हे काम त्यांनी केले. झाडाला घाबरविणे आणि झाडाला भरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जस्ताच्या या प्रयोगात दुसरी घडली, आणि जनसामान्यांच्या ताटात अपेक्षित असलेला लाभ बहुधा याच वाटेने आधी येईल असे दिसते.

घाबरविण्यासाठी चांदी उघड्या रानात फवारणे हा मात्र अविचार ठरेल. चांदी जंतुनाशक आहे म्हणूनच ती जखमेच्या मलमांत जाते, आणि मातीतील ज्या जीवाणूंवर जमिनीचा कस अवलंबून असतो त्यांना ती मलमातली चांदी आणि फवाऱ्यातली चांदी असा भेद करून सोडणार नाही. शिवाय औषधी वनस्पती पोटात घ्यायची असते. तिच्या पानात किंवा मुळात उरलेल्या कणांचे शरीरात काय होते, हा प्रश्न धातुगणिक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेतीतील व अन्नातील नॅनो-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून कणाचा आकार, स्थिरता, विषारीपणा आणि पर्यावरणातील वाटचाल यांची तपासणी त्यांत अपेक्षित आहे. बंद टाकीत वाढणाऱ्या पेशींच्या बाबतीत ही धास्ती पुष्कळ कमी होते, कारण कण टाकीतच राहतात, द्रव्य शुद्ध करून वेगळे काढले जाते आणि सांडपाणी पकडता येते. नॅनोकणांची न्याय्य जागा निदान आज तरी शेत नसून टाकी आहे, असे म्हणण्याचे कारण हेच.

टाक्या, किण्वन, ऊर्ध्वपातन, सांडपाण्याचा निचरा, रोजच्या रोज नमुने काढून टक्केवारी नोंदविणारी प्रयोगशाळा या गोष्टी साखर आणि मद्यार्काच्या उद्योगामुळे कोल्हापूर जिल्ह्याला परक्या नाहीत. बिद्रीत ज्याच्या नावातच दूध आणि साखर एकत्र आली आहेत ते दूधसाखर महाविद्यालय आहे, आणि ते ज्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे त्या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात सह्याद्रीच्या वनस्पतींच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा असून नॅनोविज्ञानाचे शिक्षणही दिले जाते. वनस्पती ओळखणारा माणूस, कण मोजणारा माणूस आणि टाकी चालविणारा माणूस हे तिघे एरवी वेगवेगळ्या शहरांत राहतात. येथे ते एका एसटीच्या टप्प्यात सापडतात. तिघांनी मिळून नरक्यावर पहिले काम करायचे ते कदाचित चांदीचे नसेलच. कोणत्या घाटातील झाडात कॅम्प्टोथेसिन मुळातच अधिक आहे हे शोधणे, त्या झाडाची केसाळ मुळे बाटलीत स्थिर करणे आणि मग त्यांना कायटोसान, जस्त, चांदी यांनी एकेक करून, मात्रा मोजून, पेशीसंभारासकट हिशेब ठेवून डिवचणे, असा तो क्रम पडतो, आणि त्यात नॅनोकणांचा क्रमांक तिसरा लागतो.

तोपर्यंत रानातील झाडासाठी एक साधी गोष्ट उपलब्ध आहे आणि तिला नॅनो तर सोडाच, प्रयोगशाळाही लागत नाही. नरक्याचे खोड जमिनीपासून थोडे वर कापले आणि बुडखा शाबूत ठेवला, तर त्याला नवे धुमारे फुटतात. ऊस तोडल्यावर खोडवा येतो तसाच हा प्रकार. लागवडीतील झाडांचा असा खोडवा घेत राहिले, तर तेच झाड पुन्हा पुन्हा उत्पन्न देऊ शकते. चोरटी तोड करणारे मात्र मुळांतही तेच द्रव्य भरलेले असते हे जाणून पहारीने बुडखाच उकरून नेतात, आणि मग त्या खड्ड्यात पुढल्या पावसाळ्यात कारवी उगवते.